दीड माणसाचा स्वेटर

माझ्या थोरल्या बहिणीच्या घरात खुर्चीवर बसण्याआधी हात फिरवून बघावा लागतो. उशीखाली सुया असतात. सोफ्याच्या फटीत एखादा अर्धवट मोजा रुतून बसलेला असतो. बिघडलेल्या वॉशिंग मशीनचा ड्रम तर कित्येक वर्षं लोकरीच्याच मालकीचा आहे. "मशीन दुरुस्त का करून घेत नाहीस?" असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मग लोकर कुठे ठेवू?"

हा नाद तिला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागला. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दोन कॉलच्या मधे हात रिकामे. रिकामे हात ताईला सोसत नाहीत. शेजारच्या बाईंनी तिच्या हातात दोन सुया दिल्या, सुलट-उलट टाका शिकवला आणि आम्हा सगळ्यांना कायमचं गोत्यात आणलं. पुढे एक्स्चेंज बंद झालं, बोर्ड भंगारात गेले, ताई निवृत्त झाली. सुया मात्र सुटल्या नाहीत.

रस्त्याने जाताना ती अनोळखी माणसाच्या मागे मागे चालत त्याच्या स्वेटरची वीण वाचते. एकदा एक बाई घाबरून पर्स छातीशी धरून उभी राहिली, तेव्हा मलाच मधे पडून सांगावं लागलं की ही चोर नाही, हिला फक्त तुमची पाठ हवी आहे. दुकानात गेली की लोकरीची लड आधी नाकाला लावते, मग हनुवटीखाली मानेला घासून बघते. टोचते की नाही ते तिथे कळतं म्हणे. लडीच्या पट्टीवरचा लॉट नंबर चष्मा कपाळावर चढवून वाचते, कारण एकाच रंगाचे दोन लॉट दुकानात सारखे दिसतात आणि अंगावर चढले की एक बाही परकी निघते. मला लोकर टोचते. हे मी तिला जन्मभर सांगत आले आहे आणि ती मला दर हिवाळ्यात स्वेटर देत आली आहे. मी तो तिच्या दारात घालते आणि कोपऱ्यावर गेले की काढते.

एक गोष्ट मात्र कबूल केली पाहिजे. ताई माप कधी टेपने घेत नाही आणि मापात कधी चुकत नाही. माणूस दारातून आत आला की त्याचे टाके तिच्या डोक्यात ठरलेले असतात. आमच्या मामेबहिणीला दिवस गेलेत हे तिच्या नवऱ्याच्या आधी ताईला कळलं होतं. पुढे जे रामायण झालं ते तिच्या या न चुकणाऱ्या मापावरून.

ताईचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, वीज कंपनीत मीटर तपासायचे. लोकांच्या घरी जाऊन मीटरचं सील बोटाने चाचपायचं आणि वीज कोण चोरतंय ते शोधायचं, हे त्यांचं काम. संशय हा त्यांच्या पोटापाण्याचा धंदा होता आणि घरी आल्यावर तो खुंटीला टांगायची त्यांना सवय नव्हती. दूधवाला पाणी घालतो, वरच्या मजल्यावरचे आपल्या टाकीतलं पाणी खेचतात, भाचा परीक्षेत एवढे मार्क मिळवूच शकत नाही. "मीटर खोटं बोलत नाही, माणूस बोलतो," हे त्यांचं लाडकं वाक्य. माणूस तसा प्रेमळ, पण त्यांच्या समोर चहात साखर घालतानासुद्धा आपण काहीतरी लपवतोय असं वाटायचं.

गेल्या वर्षी त्यांचं पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि नोकरी मुदतीआधीच सुटली. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, आता खाणं आणि धीर. भावोजी घरी बसले. पण संशयाला सुट्टी नव्हती. आधी त्यांनी इस्त्रीवाल्याला धरलं. तो म्हणे शर्ट ताणून ताणून सैल करतो. मग घरातल्या वजनकाट्यावर आळ आला. काटा खोटा दाखवतो म्हणून त्यांनी तो माळ्यावर टाकून दिला. त्या घरात वजनाचा विषय काढायचा नाही, हे न ठरवताच ठरलं होतं.

आणि मग एक दिवस त्यांनी मला फोन केला. "धाकटे, तुझी बहीण बाजारात गेली आहे. ये. एक वस्तू दाखवायची आहे."

मी गेले. भावोजींनी दाराला कडी लावली, वॉशिंग मशीनमध्ये कोपरापर्यंत हात घातला आणि लोकरीच्या ढिगाखालून एक पिशवी काढली. आत स्वेटर होता. पाठ पूर्ण, दोन्ही बाह्या पूर्ण, पुढची बाजू अजून सुईवर. ओल्या पाटीसारखा काळपट निळा रंग. हात लावला तर मलासुद्धा टोचला नाही. असली लोकर ताईने आणली की आधी सगळ्या गल्लीला कुरवाळायला लावते. ही मात्र तिने मला दाखवली नव्हती, नवऱ्याला दाखवली नव्हती आणि ढिगाच्या तळाशी पुरून ठेवली होती.

"सुंदर आहे की," मी म्हटलं.

"कोणाचा आहे?"

"तुमचा असेल."

भावोजींनी तो पलंगावर पसरला, वर टेप ठेवला आणि मग स्वतःच्या छातीभोवती टेप गुंडाळून दाखवला. "हे बघ. माझ्यासारखी दीड माणसं बसतील यात. मी पाठ अंगाला लावून बघितली, खांदा इथे कोपराकडे येतो. आता तूच सांग, तुझी बहीण मापात चुकते का?"

चुकत नाही. त्यांचा मुलगा परदेशी असतो आणि तो काडीपैलवान आहे. माझा नवरा बुटका. त्या पलंगावर पडलेला माणूस आमच्या कोणाच्याच नात्यात नव्हता.

"आणखी ऐक," भावोजी आवाज खाली आणून म्हणाले. "या लोकरीची लड तिने माझ्या हातांवर घेतली नाही."

हे मात्र मला लागलं. ताई लोकर लडीने आणते, दुकानातल्या तयार गुंड्यावर तिचा भरवसा नाही. लड कोणाच्या तरी दोन हातांवर चढवायची आणि समोर बसून गुंडा करायचा. लग्न झाल्यापासून ते हात भावोजींचे. ते दोन्ही हात पुढे धरून बसायचे, लोकर सुटेल तसे डावी-उजवीकडे डुलवायचे आणि ताई गुंडाळत गुंडाळत बोलायची. त्यांच्या संसारातली सगळी महत्त्वाची बोलणी तेव्हाच झाली, कारण भावोजींना उठून जाता येत नसे. मुलाला परदेशी पाठवायचं ते एका पिवळ्या लडीवर ठरलं.

"मग कोणाच्या हातांवर घेतली?"

"दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून ठेवल्या आणि त्यांच्यावर. मी झोपलोय असं समजून. मी झोपलो नव्हतो."

ते कधी झोपत असतील, हा मला नेहमीचाच प्रश्न आहे. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

भावोजींच्या डोक्यात माणूसही ठरला होता. ताई ज्या विणकामाच्या मंडळात शिकवायला जाते, ते वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरतं आणि त्याचं नाव उलट-सुलट मंडळ. सगळ्या बायका, आणि एकच पुरुष. तो निवृत्त बस ड्रायव्हर. सिगारेट सोडायची म्हणून हाताला चाळा हवा, तेवढ्यासाठी विणायला शिकलेला. दाराच्या चौकटीत मावणार नाही असा धिप्पाड. पावसापाण्यात ताईला आपल्या गाडीतून घरी सोडायचा. "खिडकीतून मी स्वतः बघितलंय," भावोजी म्हणाले. "खांदे नीट बघून घेतलेत. तू जा तिथे. तुला काय, शिकायचंय म्हण."

जिला लोकर टोचते त्या बाईने विणकाम शिकायला जायचं! पण मी गेले. बहिणीचं घर होतं, आणि खरं सांगायचं तर उत्सुकतेने माझंही पोट दुखत होतं.

वाचनालयाची वरची खोली म्हणजे भिंतीला टेकवलेली मोडकी कपाटं, मधे लांब टेबल आणि त्यावर लोकरच लोकर. ताई मला बघून चाटच पडली. "तू? तुला ताप आहे का?" तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. मग हातात सुया दिल्या आणि विसरून गेली. मी टाके पाडत बसले आणि बघत राहिले.

ड्रायव्हर टेबलाच्या टोकाला बसला होता. मांडीवर लाल मफलर, तो पायांवरून उतरून जमिनीवर गेला होता. "एवढा लांब कशाला?" मी विचारलं.

"बाई, मला वळण घ्यायला येत नाही," तो म्हणाला. "बाही नाही, गळा नाही. सरळ रस्ता असेल तर कितीही वेळ चालवतो." बायका हसल्या. ताईही हसली. पण ती हसून थांबली नाही, बघत राहिली.

मी काही लहान बाळ नाही. बाई पुरुषाकडे कशी बघते ते मला कळतं, आणि ताईचं बघणं मला कळेना. मधल्या वेळी कोणीतरी केक आणला होता. ड्रायव्हरने एक तुकडा घेतला, मग दुसरा. ताईने स्वतःच्या बशीतला उचलून त्याच्यापुढे सरकवला आणि विणणं थांबवून, सुया मांडीवर ठेवून, तो खाताना टक लावून बघत बसली. सुया खाली ठेवून! स्वतःच्या लग्नातही तिने एवढा वेळ हात रिकामे ठेवले नसतील.

निघताना मी मुद्दाम मागे रेंगाळले. जिन्याच्या वळणावर ती दोघं उभी होती. ताईचा आवाज आला, "पुढची बाजू झाली की संपलंच. पण त्यांना आत्ता कळता कामा नये." आणि ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या तोंडून नाही जाणार, मास्तरीणबाई. तुम्ही फक्त धीर सोडू नका."

मी पाऊल न वाजवता परत वर गेले.

दुसऱ्या दिवशी भावोजींचा फोन आला. मी ठरवून ठेवलं होतं, काही सांगायचं नाही. म्हटलं, "काही नाही हो, चांगली माणसं आहेत. केक होता."

पलीकडून लगेच, "किती वेळ बघत होती त्याच्याकडे?"

"कोण? छे, कोणी नाही."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. आयुष्यभर लोकांच्या दारात उभं राहून खोटं ऐकलेला माणूस तो. त्याच्यापुढे माझी काय डाळ शिजणार!

मला राहवेना. पुढच्या वेळी मी मंडळ सुटायच्या वेळेला वाचनालयाखाली जाऊन उभी राहिले. ताईला गाठायचं आणि तोंडावर विचारायचं. पण ड्रायव्हरने आम्हा दोघींनाही गाडीत बसवलं आणि वाटभर गाडीतल्या आरशातून मला म्हणत राहिला, "बाई, टाका जमला का?" ताई माझ्याशेजारी बसून विणत होती, एक साधा मोजा. विचारायचं ते राहूनच गेलं.

घराचं दार उघडंच होतं. आम्ही दोघी आत गेलो तर भावोजी पलंगावर बसले होते आणि त्यांच्या पायांपाशी, मांडीवर, उशीवर सगळीकडे काळपट निळी लोकर. उसवलेली लोकर सरळ पडत नाही, टाक्यांचे वळसे तसेच धरून ठेवते. ती कुरळी लोकर गुडघ्यापर्यंत चढली होती. पुढची बाजू गेली होती. दोन्ही बाह्या गेल्या होत्या. हातात पाठ होती आणि तिची ओळ ते अजून ओढत होते, टर्र टर्र.

"कोणाचा आहे?" त्यांनी विचारलं. "इतकंच सांग. बाकी मी काही विचारणार नाही."

मला वाटलं, ताई आता घर डोक्यावर घेईल. लोकरीवरच्या एका डागासाठी तिने मला रडवलेलं आहे. पण ताईने पिशवी खाली ठेवली, कपाटाकडे गेली आणि हँगरवरचा एक शर्ट काढला. भावोजींचा जुना खाकी शर्ट, मीटर तपासायला घालायचे तो. तिने तो पलंगावर पसरला. मग नवऱ्याच्या हातातून स्वेटरची उरलेली पाठ सोडवून घेतली आणि शर्टावर ठेवली. वरचा गळा उसवला होता, पण बगला बगलांवर बसल्या, खालचा काठ काठावर बसला. बोटभरही फरक नव्हता.

"तुमचा," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाचा असणार?"

भावोजी शर्टाकडे बघत राहिले. "हे माझं माप नाही."

"हेच आहे. मी तुमचं माप बदललेलं नाही." तिचा आवाज आत्ता फुटला. "सांगितलं असतं तर तुम्ही रोज घालून बघितला असता. आणि रोज सैल झाला असता. मग मी काय करायचं होतं? रोज थोडा थोडा उसवायचा होता?"

"आणि लड?" भावोजींचा तपास अजून संपला नव्हता. "खुर्च्यांवर का घेतलीस?"

"तुमचे हात खाली येत होते, अहो. त्याच्या आधीच्या लडीला तीनदा आले. तुम्हाला कळलं नाही. मला बघवेना."

"आणि तो ड्रायव्हर?"

ताई मटकन पलंगाच्या कडेवर बसली. "त्यांचंही हेच ऑपरेशन झालं होतं. तुमच्या आधी, तुमच्यासारखंच. बायकोने त्यांना उचलून बसवायची वेळ आली होती. आता बघितलेत ना खांदे? खिडकीतून बघता, माहीत आहे मला. मी तिथे जाते आणि त्या माणसाला खाताना बघते. दोन दोन तुकडे खातो. आणि मग घरी येऊन तुमच्यापुढे अर्धी वाटी ठेवते आणि ती तुम्ही परत करता." ती रडत होती आणि रडता रडता लोकरीचा गुंता बोटांनी सोडवत होती, कारण हात रिकामे ठेवणं तिला तेव्हाही जमलं नाही.

मी दारात उभी होते. भावोजींना मी वर्षभर दर आठवड्याला बघत होते. इस्त्रीवाल्याची कहाणी ऐकून हसत होते. त्या शर्टात एके काळी हा माणूस ठासून भरलेला होता, हे मला त्या पलंगाजवळ उभं राहून आठवलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

भावोजींनी मांडीवरची लोकर ओंजळीत गोळा केली. मग म्हणाले, "आता दुसरी लोकर आणावी लागेल."

"हा लॉट संपला दुकानात. सगळा मीच उचलला होता. हीच धुवायची, हीच वाळवायची, हीच विणायची." ताईने पदराने डोळे पुसले. "आधी हिची लड केली पाहिजे." आणि तिने सवयीने खुर्च्यांकडे बघितलं.

भावोजींनी दोन्ही हात पुढे केले.

ताईने त्या हातांवर कुरळी लोकर फिरवायला सुरुवात केली. मी गुंता सोडवून देत होते. थोड्या वेळाने उजवा हात खाली येऊ लागला. ताई थांबली. नुसती लोकर धरून उभी राहिली. हात परत वर आला. मग डावा खाली आला. ती परत थांबली. असं करत करत अंधार पडला, मी उठून दिवा लावला, आणि सगळी लोकर हातांवर चढली. भावोजींच्या कपाळावर घाम होता. हात खाली घेतल्यावर ते म्हणाले, "काही खायला आहे का?" ताई स्वयंपाकघरात गेली ती जवळजवळ धावतच.

लोकर धुतली, सरळ व्हावी म्हणून खाली पाण्याची बाटली टांगून वाळवली, गुंडे झाले. त्या दिवशी मी मुद्दाम गेले. ताईने सुया घेतल्या, गुंड्याचं टोक काढलं आणि थांबली. तिने पहिल्यांदाच, माझ्या माहितीत तरी पहिल्यांदाच, कोणाला माप विचारलं.

"अहो, किती टाके घालू? आत्ताच्या मापाचा केला तर लवकर होईल. ह्याच थंडीत घालता येईल."

भावोजी खिडकीशी होते. खाली रस्त्यावर ड्रायव्हरची गाडी उभी होती, मफलर दाखवायला तो वर येणार होता. त्याने मफलरला शेवटी वळण द्यायचं ठरवलं होतं म्हणे. भावोजींनी त्याचे खांदे नीट बघून घेतले, मग येऊन ताईशेजारी बसले.

"आधी होते तेवढेच घाल," ते म्हणाले. "पुढच्या थंडीत घालीन."

ताईने मान खाली घातली आणि टाके घालायला लागली. डोळ्यांतल्या पाण्यामुळे तिला सुई दिसत नव्हती हे मला इकडून दिसत होतं. भावोजी पुढे वाकले, चष्मा चढवला आणि सुईवरचा एकेक टाका बोटाने मोजू लागले.

"एकही कमी घालू नकोस," ते म्हणाले. "मी बघतोय."